सशाच्या कातड्याचा स्पोरन घरी करायचा असेल तर

ताई, तुमच्या पत्रातले प्रश्न आधी मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही स्कॉटलंडमधल्या पर्थशरमध्ये राहता. दिराचं लग्न चार महिन्यांवर आलंय आणि नवऱ्याला किल्टवर, म्हणजे तिथल्या पुरुषांच्या घागऱ्यासारख्या पोशाखावर, घालायला स्पोरन हवाय. शेजारच्या शेतकऱ्याने खाण्यासाठी मारलेल्या दोन सशांची कातडी तुमच्या फ्रीजरमध्ये आहेत. ती घरी कमावून त्यांचा केसाळ स्पोरन होईल का, हा पहिला प्रश्न. सासऱ्यांचा जुना पाणमांजराचा स्पोरन ट्रंकेत पडून आहे, त्याचं कातडं सोडवून वापरलं तर चालेल का, हा दुसरा.

पहिल्याचं उत्तर हो. दुसऱ्याचं नाही. तो जुना स्पोरन आहे तसाच राहू द्या, कारण पुढे सांगतो.

ज्यांनी स्पोरन पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. किल्टला खिसे नसतात. म्हणून स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातले पुरुष पोटाखाली, पुढच्या बाजूला एक बटवा बांधायचे, तोच स्पोरन. गेलिक भाषेत या शब्दाचा अर्थच बटवा. रोजच्या वापराचा साध्या चामड्याचा असतो, समारंभाचा केसाळ कातड्याचा. पाइप बँडमधले वादक लावतात तो घोड्याच्या लांब केसांचा. अर्गाइल अँड सदरलँड हायलँडर्स या पलटणीचे अधिकारी आणि सार्जंट तर बॅजर या बिळात राहणाऱ्या काळ्या-पांढऱ्या तोंडाच्या प्राण्याच्या अख्ख्या मुंडक्याचा स्पोरन लावत.

मी मूळचा कोल्हापूरचा, चपलांच्या कामातला. गेली बावीस वर्षं स्टर्लिंगजवळ चामड्याचं काम करतो, त्यातली चौदा-पंधरा स्पोरनची. आमच्याकडे कातडं आलं की ते आधी चुन्याच्या पाण्यात जायचं, केस सुटून निघावेत म्हणून. मग बाभळीची साल आणि हिरडा. म्हणजे लहानपणापासून मी जे पाहिलं ते सगळं केस उतरवण्याचं शास्त्र. इथे आल्यावर ते नेमकं उलटं शिकावं लागलं. केसाळ कातड्याच्या कामात सगळा जीव केस राखण्यात असतो, आणि केस जातात ते बहुतेक वेळा हयगयीने नाही, उशिराने. कातड्यावर जंतू वाढले की केसांची मुळं सैल होतात, आणि एकदा सुटलेला केस कुठल्याच औषधाने परत धरत नाही.

आता कायद्याचं. पाणमांजर ब्रिटनमध्ये संरक्षित आहे आणि आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारातही ते सगळ्यात कडक यादीत आहे. बॅजरला 1992 चा स्वतंत्र कायदा आहे. रानमांजर संरक्षित. सीलच्या वस्तूंच्या विक्रीवर युरोपात 2010 पासून बंदी आली, तेव्हा इथल्या स्पोरनवाल्यांना मोठा फटका बसला, कारण त्याआधी समारंभाचा स्पोरन म्हटलं की सीलचं कातडं ठरलेलं. 2007 मध्ये नियम बदलले तेव्हा संरक्षित प्राण्यांच्या कातड्याचे स्पोरन बाळगणाऱ्यांनाही परवान्याचा विचार करावा लागला. त्यामुळे सासऱ्यांचा स्पोरन किती जुना आहे, कुणाकडून आला, याचे फोटो, पावती, जे काही घरात असेल ते त्याच्यासोबत जपून ठेवा. तो विकू नका, भारतात येताना सामानात टाकू नका, आणि सोडवून नवं काही करायच्या आधी नेचरस्कॉट या स्कॉटलंडच्या सरकारी निसर्गसंस्थेला विचारा. माझ्याकडे असं काम आलं तर मी हातच लावत नाही.

सशाचं काय? साधा रानससा इथे शेताची नासधूस करणारा म्हणूनच धरला जातो, त्याला अडचण नाही. पण फ्रीजरमधलं कातडं सशाचंच आहे ना, हे शेतकऱ्याला एकदा विचारून घ्या. डोंगरात राहणारा, थंडीत पांढरा होणारा मोठा माउंटन हेअर वेगळा. तो 1 मार्च 2021 पासून स्कॉटलंडमध्ये संरक्षित आहे. मराठीत आपण दोघांनाही ससाच म्हणतो, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांसाठीही एक वाक्य. आपल्याकडचा रानातला ससा, मुंगूस, उदमांजर, खोकड, सगळे 1972 च्या वन्यजीव कायद्यात येतात. हौसेखातरसुद्धा त्यांच्या कातड्याला हात लावू नका. मिंक, खोकड आणि चिंचिला यांचं केसाळ कातडं भारतात आणायलाही जानेवारी 2017 पासून बंदी आहे. केसाळ काम शिकायचंच असेल तर खाटकाकडून शेळीचं कातडं घ्या. त्यावर चुकलं तरी शिकायला मिळतं.

तर कातडी. सशाचं कातडं स्वस्त आणि फार मऊ, पण कागदासारखं पातळ. पाठीचा भाग त्यातल्या त्यात जाड, पोटाकडचं पांढरं कातडं जवळपास निरुपयोगी. हिवाळ्यात मारलेल्या सशाचे केस दाट असतात. केस बदलण्याच्या दिवसांतला असेल तर आतून निळसर-काळे डाग दिसतात. ते डाग म्हणजे तिथे नवे केस उगवत होते. असा भाग पुढच्या तुकड्यात घेऊ नका, तिथून केस गळतात.

कातडं फ्रीजमध्ये रात्रभर ठेवून वितळवा, ओट्यावर नाही. हातमोजे घाला. गार पाण्यात थोडा भांडी धुण्याचा साबण टाकून धुवा. कोमट पाणीसुद्धा वापरू नका. ससा बहुतेक वेळा पिशवीसारखा सोललेला असतो, तर तो पोटाच्या रेषेवर कापून उघडा. मग प्लास्टिकच्या बादलीत 8 लिटर गार पाणी, 250 ग्रॅम तुरटी आणि 250 ग्रॅम मीठ. तुरटी आधी थोड्या गरम पाण्यात विरघळवून, पूर्ण गार झाल्यावरच ओता. मीठ आयोडीन नसलेलं. लोखंडाची किंवा ॲल्युमिनियमची बादली नको. दोन दिवस ठेवा, दिवसातून दोनदा हाताने हलवा, घड्या उलटसुलट करा. घडीत पाणी पोचलं नाही तर तिथेच केस सुटतात.

दोन दिवसांनी आतल्या बाजूचा पापुद्रा काढायचा. नवशिके हा पापुद्रा पहिल्याच दिवशी खरवडायला जातात आणि कातड्याला भोकं पाडून बसतात. तुरटीत दोन दिवस राहिल्यावर तो जरा घट्ट होतो आणि शेपटीकडच्या टोकाला नखाने सोडवला की मोठ्या पट्ट्यात निघून येतो. शेपटीकडून मानेकडे ओढा. एक पट्टी तुटली तर घाई करू नका, बोथट चाकूने कडा पुन्हा उचला. बोटाला गुळगुळीत लागणारा भाग राहिला असेल तर पापुद्रा अजून तिथे आहे. नुसतं कातडं बोटाला किंचित खरखरीत, ओल्या मांजरपाटासारखं लागतं. पापुद्रा राहिला तर औषध आत जात नाही आणि वाळल्यावर तेवढाच भाग कडक होतो.

मग बादलीत पुन्हा 250 ग्रॅम तुरटी आणि तितकंच मीठ घाला, आणि सात दिवस ठेवा. झालं की नाही हे पाहायला मानेकडच्या काठाची बारीक चिरी कापा. कापलेली कड आरपार पांढरी दिसली की झालं. मध्ये राखाडी रेघ असेल तर आणखी दोन दिवस.

यानंतरचं काम कष्टाचं आहे, आणि कातडं खरं घडतं ते इथेच. एकदा गार पाण्यातून काढा, पिळू नका, टॉवेलात दाबून पाणी टिपा, केस वर करून सावलीत टांगा. अर्धवट वाळलं, म्हणजे गालाला लावल्यावर गार लागतं पण ओलं लागत नाही, की खाली घ्या आणि खुर्चीच्या पाठीवर आतल्या बाजूने ओढायला लागा. ओल्या पापडासारखं दिसणारं कातडं ओढलं की त्या जागी पांढरं पडतं. तो पांढरा डाग मोठा मोठा होत सगळीकडे पसरला पाहिजे. दहा मिनिटं ओढा, अर्धा तास वाळू द्या, पुन्हा ओढा. यात अख्खी दुपार जाते. मध्येच सोडून बाजाराला गेलात तर परत येईपर्यंत ते पुठ्ठा झालेलं असेल. मग ओल्या फडक्याने आतून जरा दमट करून पुन्हा सुरुवात करायची, घाबरायचं कारण नाही. शेवटी नीट्सफूट तेल, म्हणजे गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेलं तेल, बोटाने आतून हलकं चोळा. खोबरेल लावू नका. इथल्या थंडीत ते गोठतं आणि कातडं चिकट होतं. केस साफ करायला लाकडाचा भुसा चोळून झटका, पण पाइनचा नको, त्यात राळ असते.

आता एक चूक सांगतो, ती माझ्या हातून झालेली आहे. तुरटीने कमावलेलं कातडं पांढरं, सुंदर, मऊ असतं, पण पाण्यात टिकत नाही. भिजलं की तुरटी धुऊन जाते आणि वाळल्यावर कातडं पुन्हा कच्च्यासारखं कडक होतं. मी सशाचा केलेला पहिला स्पोरन एका तरुणाने लग्नात घातला, भर पावसात फोटो काढले, आणि घरी जाऊन रेडिएटरवर वाळत टाकला. आठ दिवसांनी तो घेऊन आला तेव्हा पुढचा भाग कडकडीत होता, आणि वरच्या धातूच्या पट्टीचे स्क्रू जिथे कातड्यातून गेले होते तिथून ते फाटून लोंबत होतं. पाण्याने अर्धं नुकसान केलं होतं, पण अर्धी चूक माझ्या बांधणीची होती. सगळा भार मी त्या पातळ कातड्यावर टाकला होता. तेव्हापासून माझ्या कुठल्याही स्पोरनमध्ये केसाळ कातडं भार उचलत नाही. ते दर्शनी असतं. पट्टा, साखळी, झाकण, सगळं मागच्या जाड चामड्यावर बसवतो.

म्हणून तुम्हाला सल्ला असा, की पहिल्या स्पोरनला वरची धातूची नक्षीदार पट्टी लावू नका. दुकानात ती फार देखणी दिसते आणि रात्रीच्या मेजवानीच्या पोशाखात तीच घालतात. पण ती बसवायला केस बरोबर तेवढ्याच पट्ट्यात भादरावे लागतात आणि स्क्रूच्या मागे जाड चामड्याचा आधार द्यावा लागतो. तुम्ही पुढचा भाग केसाळ आणि वर चामड्याचं झाकण असा करा. दिवसाच्या लग्नाला तो अगदी शोभतो.

मापं देतो. रुंदी 18 सेंटीमीटर, उंची 20, खालची बाजू अर्धगोल. कागदावर काढा, कापा, नवऱ्याच्या किल्टवर धरून आरशात बघा. अंगाने धिप्पाड असेल तर सेंटीमीटरभर वाढवा. मागचा भाग 2.5 ते 3 मिलिमीटर जाडीच्या, सालीने कमावलेल्या गाईच्या चामड्याचा. त्याच्याच वरच्या टोकाला झाकण, एकसंध कापलं तर उत्तम, म्हणजे बिजागरीला शिवण येत नाही. पुढचा आणि मागचा भाग जोडणारी बाजूची पट्टी मऊ, 1.2 मिलिमीटरची. तिची लांबी हिशोबाने काढा: दोन्ही सरळ बाजू 11-11 आणि खालचा अर्धगोल साधारण 28, म्हणजे 50 सेंटीमीटर. 55 कापा, उरलेलं शेवटी छाटता येतं, कमी पडलं तर जोड दिसतो. रुंदी 4.5.

केसाळ कातडं कात्रीने कधीच कापायचं नाही. माझ्या गुरूंकडे पहिल्या आठवड्यात मी कात्री उचलली, तर त्यांनी काही न बोलता ती माझ्या हातातून काढून घेतली आणि ब्लेड दिलं. कातडं उलटं, केस खाली, आखणी आतल्या बाजूला बॉलपेनने. मग एका हाताने कातडं टेबलावरून थोडं उचलून धरायचं आणि ब्लेडच्या टोकाने फक्त कातडी चिरायची, म्हणजे खालचे केस कापले जात नाहीत. हाताला नुसतं कापड फाटल्यासारखं जाणवतं. टेबलावर दाबून कापलंत तर काठाचे केस आखूड होतात आणि शिवणीपाशी टक्कल दिसतं. केसांची दिशा वरून खाली. पाऊसही तसाच ओघळतो आणि हातही तसाच फिरतो. पाठीची गडद रेघ बरोबर मध्ये आली पाहिजे, ही एकच गोष्ट लांबूनही नजरेत भरते. आखणीपेक्षा सगळीकडून एक सेंटीमीटर जास्त ठेवा.

कातड्याच्या मागे जाड सुती कॅनव्हास लावा. गोंद फक्त काठाला, बारीक रेघ. पूर्ण पाठ चिकटवली तर कातड्याचा मऊपणा जातो. मग काठाजवळून कातडं आणि कॅनव्हास एकत्र शिवून घ्या, तीनधारी सुईने. ही सुई कातडं कापत जाते, गोल सुई ढकलत जाते आणि पातळ कातडं फाडते. तुमचं शिवणयंत्र यासाठी वापरू नका, दात केस ओढतात.

पुढचा भाग आणि पट्टी उलट्या बाजूने, म्हणजे चांगल्या बाजू आमनेसामने ठेवून शिवायच्या. त्याआधी सगळे केस कंगव्याने आत वळवा आणि कागदी चिकटपट्टीने हलके दाबून ठेवा. मेण लावलेला सुती किंवा लिननचा दोरा, दोन सुया, आरीने भोकं पाडत, दोन्हीकडून टाका घालत जायचं. आपल्या मोच्यांचाच टाका आहे तो. टाका 3 मिलिमीटरचा. गोलाईवर पट्टीला आतून बारीक चिरा द्या, नाहीतर चुण्या पडतात. मग सुलटं करा. अर्धगोलाचा भाग अंगठ्याने आतून हळूहळू ढकलत बाहेर आणा, एकदम ओढू नका. सुलटं झाल्यावर शिवणीत अडकलेले केस बोथट सुईच्या टोकाने एकेक करून बाहेर काढा. याला तास लागेल. पण या तासानंतर शिवण दिसेनाशी होते आणि तुमची वस्तू दुकानातल्यासारखी दिसायला लागते. सियालकोटहून जगभर जाणाऱ्या स्वस्त स्पोरनमध्ये नेमका हाच तास वाचवलेला असतो. एकदा ओळखायला शिकलात की शिवणीवरची ती दबलेली केसांची रेघ लगेच दिसते.

मागचा जाड भाग मात्र उलटा शिवायचा नाही, तो वळणारच नाही. पट्टीची दुसरी कड त्याच्यावर बाहेरून, दिसेल अशी शिवा. शिवायच्या आधी पाठीवर दोन कड्या बसवून घ्या, वरच्या एक तृतीयांश भागात. कड्या खाली बसवल्या तर स्पोरन पुढे झुकतो आणि बसल्यावर उताणा पडतो. कड्या चामड्याच्या पट्टीत अडकवून, पट्टी पाठीला शिवून आणि पितळी रिव्हेट मारून, दोन्ही. आत पातळ अस्तर आणि अस्तरावर एक छोटा खिसा ठेवा. गाडीची किल्ली बाहेरच्या भागात फिरत राहिली तर आतून कॅनव्हास घासते.

गोंडे साधारण तीन असतात, साखळीला लोंबणारे. सशाचे केस आखूड, त्यांचे गोंडे ठेंगणे दिसतात. म्हणून मी ते चामड्याचेच करतो. 1 मिलिमीटरच्या चामड्याचा 6 सेंटीमीटर रुंद तुकडा, वरचा सेंटीमीटरभर सोडून खाली 2-2 मिलिमीटरच्या बारीक पट्ट्या रापीने, म्हणजे चांभाराच्या चामडं कापायच्या हत्याराने, काढायच्या, आणि तो गुंडाळून बांधायचा. कोल्हापुरी चपलेवरचा गोंडा ज्याने पाहिलाय त्याला वेगळं सांगायला नको. त्याच्यावर साखळीऐवजी मी चामड्याची वेणी घालतो. गिऱ्हाईक विचारतं ही कुठली पद्धत, तेव्हा मला गावाचं नाव सांगताना फार बरं वाटतं. तुमच्या नवऱ्याच्या स्पोरनवर ती वेणी घाला असं मी मनापासून सांगेन. त्याच्या घरचा किल्ट, तुमच्या घरची वेणी.

चार महिन्यांत हे सगळं होतं, पण एक कातडं बाजारातलं कमावलेलं आणून ठेवा. सशाचं किंवा शेळीचं, फार महाग नसतं, आणि बहुतेक क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेलं असतं, म्हणजे पावसात टिकतं. तुमचं घरचं कातडं नीट उतरलं तर तेच वापरा. कुठे केस सुटले तर लग्न अडणार नाही. मानेवर किंवा कुल्ल्यावर चिमूटभर केस धरून हलका हिसका द्या. दोन-चार आले तर ठीक, झुबका आला तर ते कातडं बाजूला ठेवा.

पुढची निगा: भिजला तर झटका, टॉवेलने टिपा, खोलीच्या हवेत टांगून वाळवा, रेडिएटर आणि हेअर ड्रायर दोन्ही वर्ज्य. कसर केसाळ वस्तू सोडत नाही, त्यामुळे सुती पिशवीत, लव्हेंडर किंवा देवदाराच्या चकत्यांसोबत ठेवा आणि वर्षातून दोनदा बाहेर काढून विंचरा. प्लास्टिकच्या पिशवीत नको.

आणि कमरेच्या पट्ट्याची भोकं सगळ्यात शेवटी पाडा. नवऱ्याला पूर्ण पोशाखात, बूट घालून उभं करा. स्पोरनची वरची कड पट्ट्याच्या बक्कलापासून चार बोटं खाली आली पाहिजे. त्याला एकदा खुर्चीवर बसवा, एकदा चालायला लावा. नाचाच्या वेळी स्पोरन बाजूला, कमरेवर सरकवतात, तसा सरकतो का तेही बघा. हे सगळं जमलं की मगच भोक पाडायला घ्या.